बांधलेला हात

धारहून आलेली बैलांची दमणी देवासच्या टेकडीखालच्या गल्लीत वळली, तेव्हा जानकीबाई भावाचा डावा हात सोडत होती.

ज्येष्ठापासून हे रोजचंच झालं होतं. सकाळी दत्ताजीनं तोंड धुतलं की ती त्याचा डावा हात कुसुंबी पागोट्याच्या जुन्या पट्टीनं कमरेला बांधायची आणि दिवेलागणीला सोडायची. आज मात्र सर्वपित्री अमावास्या. घरात पितरांचं पान, त्यात धारचे लोक यायचे. त्यांच्यापुढे घरचा कर्ता पुरुष पकडून आणलेल्या चोरासारखा दिसू नये, म्हणून तिनं दुपारच्या आधीच गाठीला हात घातला. गाठ तिनेच मारलेली, त्यामुळे ती सुटता सुटेना.

"राहू द्या ना वन्सं," दत्ताजीची बायको मालन चुलीपुढून म्हणाली. "सगळ्या देवासनं पाहून झालं. आता धारनं पाहिलं तर काय बिघडतंय?"

"देवास माहेर आहे. धार माझं सासर आहे," जानकीबाई म्हणाली.

"उद्या," दत्ताजी म्हणाला.

त्याच्याजवळ तेवढाच शब्द उरला होता. ज्येष्ठातल्या एका लग्नात नवरदेवाला पागोटं बांधता बांधता तो त्या नवरदेवाच्याच अंगावर कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं आणि जिभेवरचे सगळे शब्द गेले. मागे राहिला तो 'उद्या'. उभा जन्म गिऱ्हाइकांना तो हेच सांगत आला होता. त्यामुळे गिऱ्हाइकांपैकी काहींना तो आजारी आहे हे बरेच दिवस कळलंच नाही.

दवाखान्याचे डॉक्टर नारायणराव सभ्य गृहस्थ. त्यांनी जानकीबाईला बसवून समजावलं होतं. मेंदूत रक्त साकळलं आहे, उजवा हात हलवणारी तिथली जागा निकामी झाली आहे, हाताला स्वतःला काहीही झालेलं नाही. आता डाव्या हातानं जेवायची, कपडे घालायची सवय करावी. यातलं एकच वाक्य जानकीबाईनं घरी आणलं: हाताला काहीही झालेलं नाही.

"मग पडून का राहतो मेला?" तिनं मालनला विचारलं होतं. "तर डावा राबतोय म्हणून. एक जण मुकाट राबत असला की दुसरा कशाला उठेल?"

आणि तिनं राबणारा हात बांधून टाकला. शिवाय घराण्याची रीत होतीच. पागोटं उजव्या हातानं, देवाच्या प्रदक्षिणेसारखं उजवीकडे वळवत बांधायचं. डावीकडे वळवलेला तो डावा पेच, आणि तो फक्त मेलेल्याच्या डोक्याला. डाव्या हाताला पागोट्यात कामच नव्हतं, असं ती सगळ्यांना सांगे.

पुढे काय झालं ते गल्लीनं पाहिलं. ताटातला भात चिमण्यांनी खाल्ला. दत्ताजी रडला, ओरडला (उद्या! उद्या!), एकदा तर बहिणीच्या मनगटाला चावला. मालननं नणंदेशी बोलणं टाकलं. मग आषाढात कधीतरी उजव्या हाताचा अंगठा हलला आणि मालन पुन्हा बोलू लागली. अंगठ्यामागून एकेक बोट आलं, आणि श्रावणभर दत्ताजी बहिणीच्या गुडघ्याला डोकं समजून त्यावर धडुती गुंडाळत बसला. नारायणराव पाहायला आले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"गेलेली जागा गेलीच," ते म्हणाले होते. "पण शेजारच्या एखाद्या जागेनं ते काम शिकून घेतलं असावं. पूल वाहून गेला की गाड्या शेतातून वाट पाडतात ना, तसं. लहान मुलांत होतं म्हणतात. या वयाला होतं असं माझ्या पुस्तकात नाही."

"पुस्तकाला त्याचं वय कुणी सांगितलं?" जानकीबाईनं विचारलं होतं. डॉक्टर हसले आणि जाता जाता गाठ थोडी सैल मारा म्हणाले.

आता ती गाठ सुटली. डावा हात मांडीवर पडला. दत्ताजीनं त्याच्याकडे खूप दिवसांनी भेटलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबला.

"मला हात धरून उतरवा रे," दाराबाहेरून आवाज आला. "डोळे धारलाच राहिलेत माझे."

ही माई, दत्ताजी-जानकीची चुलती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, पण जीभ शाबूत होती. तिच्यामागून तिचा मुलगा खंडोजी उतरला. अंगानं भरलेला, पायात नवे जोडे, डोक्यावर स्वतः बांधलेलं पागोटं. ते इतकं चोख होतं की जानकीबाईनं हातातली पट्टी घाईनं कोनाड्यात ठेवली.

"आक्का, पाय लागतो," खंडोजी म्हणाला. "दत्तूदादा, कसं काय भिया?"

"उद्या," दत्ताजी म्हणाला.

"हां हां, उद्या, उद्या," खंडोजी घाईनं म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती.

वाईट असता तर भांडता आलं असतं. तो आला होता दसऱ्याच्या पागोट्यासाठी. दसऱ्याच्या दरबारी देवासच्या राजांच्या, म्हणजे श्रीमंतांच्या, डोक्याला पागोटं बांधायचा मान या घराण्याचा. पवारांच्या फौजेबरोबर जे पूर्वज दख्खनेतून आले, ते तलवार न घेता कापडाचा तागा घेऊन आले होते. यंदा दरबारातून निरोप आला, की कोण येणार ते घटस्थापनेपूर्वी कळवावं. घटस्थापना उद्यावर आली. मानामागे हे घर होतं, दरबारानं राहायला दिलेलं. खंडोजीनं त्यातून कुणाला बाहेर काढलं नसतं. ओसरीवर दत्ताजीला गादी घातली असती, पोटभर वाढलंही असतं. पण दसऱ्याला आपल्याला कुणी बोलावणार नाही हे दत्ताजीला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तो उजवा हात पुन्हा मांडीवर पडेल आणि मग उठणार नाही. जानकीबाईला याची खात्री होती. तिला घराची फिकीर नव्हती. तिला तो हात गमवायचा नव्हता.

जेवणं बसली. पितरांचं पान वाढून झालं, कावळाही लवकर शिवला. खीर होती, वडे होते, भोपळ्याची भाजी होती. दत्ताजीच्या उजव्या हातानं वडा धरला, वडा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. धारची पंगत खाली मान घालून जेवत होती. इतकी खाली, की सगळे पाहताहेत हे उघड दिसत होतं. आणि मग दत्ताजीचा डावा हात मांडीवरून उठला, पानावर आला, आणि वडा उचलून तोंडात घालून परत गेला. वाढणाऱ्या जानकीबाईनं त्या हातावर पळी मारली, पण तोवर वडा गेला होता.

"पितरांच्या दिवशी!" मालन पुटपुटली.

"खाऊ दे गं," माई म्हणाली. तिला काहीच दिसलं नव्हतं, पण पळीचा आवाज तिनं ओळखला असावा.

सुपारी कातरून झाल्यावर बोलण्याला तोंड फुटलं. ते फोडलं बापूनं. बापू दत्ताजीचा मुलगा, जकातनाक्यावर कारकून. घरातल्या कुणाला न येणारं इंग्रजी त्याला येत होतं, आणि घरातल्या सगळ्यांना येणारं पागोटं येत नव्हतं.

"आत्या, माझं ऐक," तो म्हणाला. "आबांना आराम हवा. तुम्ही दोघी त्यांना बैलासारखं जुंपताय. गल्लीतले लोक मला विचारतात, तुमच्या घरी क्या चल रहा है? मी काय सांगू? खंडोजीकाकांना मान देऊन टाका, फारिग व्हा."

"बापाचा मान पोरगा देऊन टाकतो, वा!" जानकीबाई म्हणाली.

"मान घरातच राहतोय, आक्का," खंडोजी म्हणाला. "मी काय परका? श्रीमंतांच्या डोक्यावर हात थरथरला, पागोटं भर दरबारात खाली आलं, तर? दादाची काय इज्जत राहील? मला झोप नाही, खरं सांगतो."

जानकीबाईनं मालनकडे पाहिलं. मालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही."

म्हणजे तीही गेली तिकडे. जानकीबाईनं सुपारीचं खांड गालात सरकवलं. उरली ती आणि एक भाऊ, ज्याला एकच शब्द येत होता.

"मग रीतीनं माग," ती खंडोजीला म्हणाली.

माईनं मान वर केली. "हं. रीतीनं माग," तिनंही मुलाला सांगितलं.

रीत साधी होती. मान मागणाऱ्यानं ज्याच्याकडे मान आहे त्याच्या हाताखाली डोकं द्यायचं. तो पागोटं बांधणार. मग मागणाऱ्यानं लवून तीन मुजरे करायचे. पागोटं पडलं तर मान गेला, टिकलं तर राहिला. घराण्याच्या आठवणीत ते कधी पडलं नव्हतं. कारण तसा मान मागायला आजवर कुणी आलंच नव्हतं.

खंडोजीनं आपलं चोख पागोटं उतरवून माईच्या मांडीवर ठेवलं आणि तो पाटावर बसला. जानकीबाईनं आणि मालननं दोन टोकं धरून नव्या कापडाला पीळ घातला. खळ देणं, पीळ घालणं हे बायकांचं काम, बांधायचं पुरुषांनी. दत्ताजी काठी टेकत उठला आणि भावाच्या मागे उभा राहिला. काठी भिंतीला लावताना तो जरा झुकला, तेव्हा बापू धावला, आणि दत्ताजीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बापू जागीच थांबला.

दत्ताजीनं उजव्या हातानं कापडाची शेव, म्हणजे टोक, खंडोजीच्या कपाळाशी लावली. बोटं कापत होती. पहिला वेढा अर्ध्यावर आला आणि कापड सुटलं. दत्ताजीनं पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. आणि तेवढ्यात डावा हात मध्ये आला.

काय त्याची चपळाई! इतके महिने खाऊन-पिऊन स्वस्थ बसलेला तो हात कापडावर तुटून पडला. वेढ्यावर वेढा, पेचावर पेच, कुठे सुरकुती नाही. बापूचा चेहरा खुलला. मालननं सुटकेचा श्वास टाकला. पाटावरचा खंडोजी डोळे मिटून, कसलेल्या माणसाच्या हाताखाली बसावं तसा सैल बसला होता. जानकीबाईनं एकटीनं पाहिलं, की कापड डावीकडे वळतंय.

तिला तो पेच ठाऊक होता. आयुष्यात एकदाच पाहिला होता, धारला, तिच्या नवऱ्याला पटकीनं नेलं त्या सकाळी. दत्ताजी देवासहून घोडी पिटाळत आला होता आणि त्यानं न बोलता मेहुण्याच्या डोक्याला पागोटं बांधलं होतं. ती दारात उभी होती. त्यानं ते किती सुबक बांधलं, याचाच तिला राग आला होता. तो राग कुणावर काढायचा हे इतक्या वर्षांत ठरलं नव्हतं. ज्येष्ठात अंथरुणात बसलेल्या दत्ताजीनं डाव्या हातानं उशीला धडुतं गुंडाळायला घेतलं आणि ते त्याच दिशेला वळलं, तेव्हा ती उठली होती आणि तिनं तो हात बांधला होता. उजव्यानं शिकावं वगैरे नंतरचं. तिला तो पेच पुन्हा पाहायचा नव्हता, एवढंच काय ते खरं होतं, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दत्ता," ती म्हणाली. "थांब."

"अगं बाई!" मालन ओरडली. "डावा पेच!"

खंडोजी विंचू चावल्यासारखा उठला. पागोटं ओरबाडून त्यानं अंगणात भिरकावलं.

"काय झालं? कोण गेलं?" माईनं विचारलं.

"मी!" खंडोजी ओरडला. "जित्या माणसाला मेलेल्याचं पागोटं बांधलं यानं! अन् अमावास्येला! सर्वपित्रीला! पितर म्हणतील, चला, हाही आला!"

"मग आधी आंघोळ कर," माई म्हणाली.

खंडोजी तणतणत विहिरीवर गेला. रहाटाच्या कुरकुरीतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. त्यात देवासचं नाव बरेचदा आलं. बापूनं कपाळाला हात लावला. दत्ताजी रिकाम्या पाटामागे उभाच होता, आपल्या डाव्या हाताकडे पाहत. त्याचा ओठ थरथरत होता. त्याला सगळं कळत होतं, आणि जानकीबाईला तेच पाहवेना.

"झालं ना आता?" बापू म्हणाला. "मी दरबारात कळवून येतो."

"बस खाली," जानकीबाई म्हणाली. "यात दत्ताची चूक नाही. हात मी सोडला. लोकलाजेपायी सोडला. बांधलेला असता तर हे झालं नसतं. तो बांधायचा आणि पुन्हा बसायचं."

"आत्या, दोन हातांनी नीट होईना, अन् तू एका हाताची गोष्ट करतेस?"

"दोन हातांनी झालं नाही, ते दुसऱ्या हातामुळेच."

"लोक हसतील."

"हसू देत."

तिनं पट्टी शोधली. मघाशी सोडून तिनं ती कोनाड्यात ठेवली होती. पण कोनाडा रिकामा होता. वळून पाहते तर पट्टी मालनच्या हातात. मालन नवऱ्यापुढे उभी होती. ज्येष्ठात याच पट्टीसाठी तिनं नणंदेला कसाबीण म्हटलं होतं, आणि मघाशी तर ती उघडच धारकडे झुकली होती.

"हात आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

दत्ताजीनं डावा हात पुढे केला. मालननं तो कमरेला बांधला, आणि जानकीबाईहून घट्ट बांधला.

"त्यांचा ओठ पाहवेना मला," ती नणंदेकडे न पाहता म्हणाली. "आता जे व्हायचं ते होऊ दे."

खंडोजी ओल्या केसांनी परतला. पुन्हा बसायला तो तयार नव्हता. एकदा डोकं दिलं, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, म्हणाला.

"मुजरे झाले का?" माईनं विचारलं.

"मुजरे कुठले, आई! प्रेत कधी मुजरा करतं का?"

"मग रीत अर्धी राहिली. बस."

तो बसला. केसांतलं पाणी मानेवर ओघळत होतं. मालननं आणि जानकीबाईनं दुसऱ्या कापडाला पीळ घातला.

या खेपेला दत्ताजीनं शेव दातांत धरली. उजव्या हातानं कापड घेतलं, आणि जे सुरू झालं त्याला पागोटं बांधणं म्हणायचं की नाही, हे कुणाला सांगता आलं नसतं. हात पूर्वीच्या वाटेनं जाईना. कपाळावर चढवायचा पेच त्याला चढवता येत नव्हता. बोटं तिथवर उठतच नव्हती. तेव्हा तो कानाकडून आला. अंगठ्यानं कापड दाबायचं, मनगटानं ढकलायचं, थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा. श्रावणभर बहिणीच्या गुडघ्यावर केलं तसंच. डावा हात पट्टीत दोनदा उसळला, पण मालनची गाठ होती. कमरेशी तो धडपडत राहिला आणि शेवटी गप्प झाला. पितरांच्या पानावरचा कावळा जेवून, गल्लीभर हिंडून पुन्हा भिंतीवर येऊन बसला. खंडोजीला पाटावर डुलकी लागली, आणि घोरताना त्याचं डोकं पुढे झुकलं की दत्ताजी त्याला गुडघ्यानं सरळ करी.

जानकीबाई समोर बसली होती. तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. प्रत्येक पेच तिला आधीच कळत होता. एकदा कापड निसटायला आलं आणि ती अर्धी उठली. माईनं अंदाजानंच तिचा पदर धरून खाली बसवलं.

दत्ताजीनं शेव दातांतून सोडली आणि अंगठ्यानं आत खोचली. मग तो भिंतीला टेकला. अंगरखा घामानं भिजला होता.

"उद्या," तो म्हणाला.

खंडोजी दचकून जागा झाला. "झालं?"

"ऊठ. मुजरे कर," माई म्हणाली.

पागोटं काही देखणं नव्हतं. एका बाजूला कललेलं, उजव्या कानावर फुगलेलं. बापूनं मान फिरवली. खंडोजी अंगणात उतरला. पहिला मुजरा त्यानं सरळ मनानं केला. पागोटं राहिलं. दुसरा जरा खाली लवून केला. राहिलं. तिसऱ्या वेळी त्यानं कपाळ गुडघ्याला लावलं आणि माशा हाकलणाऱ्या म्हशीसारखं डोकं झाडलं. जानकीबाईनं डोळे मिटले. काहीच पडल्याचा आवाज झाला नाही. डोळे उघडले तर खंडोजी वाकलेलाच होता आणि पागोटं त्याच्या डोक्यावर होतं.

त्यानं आणखी एकदा झाडलं. हे रीतीत बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. पागोटं राहिलं.

खंडोजी सावकाश सरळ झाला. दोन्ही हात वर नेऊन त्यानं पागोटं चाचपलं. मघाचा रागीट माणूस गेला आणि त्याच्या जागी पागोटेवाला आला. "हा पेच कुठून आणला यानं? कानाकडून? आई, बघ जरा."

तो माईपुढे गुडघ्यांवर बसला. माईनं दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. या घराण्यातल्या सगळ्या पुरुषांची पागोटी तिनं धुतली होती, खळ दिली होती, उलगडली होती. तिची बोटं वेढ्यावेढ्यावरून फिरली, कानाशी थांबली, मागे गेली, पुन्हा कानाशी आली.

"हा दत्ताचा हात नव्हे," ती म्हणाली.

जानकीबाई पुढे सरकली. "माई, माझ्या समोर बांधलंय त्यानं. शपथ घेऊन—"

"मी बोलतेय. दत्ताच्या हाताचा पेच कपाळावर चढतो. हा पेच कधी कुणी बांधलेला मला ठाऊक नाही. त्याच्या बापानं नाही, आज्यानं नाही. हा हात नवा आहे." तिनं बोटांनी कानाजवळचा फुगार दाबला. "अजून लहान आहे. पण धरून ठेवतो. पडलं का रे, खंडू?"

"नाही, आई."

"झाडूनसुद्धा?"

खंडोजी खाली पाहू लागला. "झाडूनसुद्धा."

"मग मान इथेच. दरबारात कुणी विचारलं तर सांगा, हात नवा आहे, सांभाळून घ्या."

बापू पुढे आला. त्याचा आवाज बदलला होता, पण कारकुनाची अक्कल जागी होती. "माई, पण दरबारात आबांना असं हात बांधून कसं न्यायचं? आणि श्रीमंतांच्या पागोट्याची शेव काय दातांत धरायची? इतका वेळ श्रीमंत बसतील?"

"बसतील. दसऱ्याला त्यांना दुसरं काम नसतं. शेव धरायला आणि डावा हात धरून ठेवायला माणूस लागेल." माईनं मुलाच्या डोक्यावर थाप मारली. "हा जाईल."

"मी?" खंडोजी म्हणाला. "धारला सगळे मला विचारून पागोटं बांधतात, आई! मी देवासच्या दरबारात डावा हात?"

"मान मागायला आला होतास ना? अर्धा मिळाला."

खंडोजीनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी त्यानं दत्ताजीकडे पाहिलं. दत्ताजी हसत होता. तोंड वाकडं असल्यामुळे ते हसू अर्धंच दिसत होतं.

"तो कानाकडचा पेच मला शिकवशील का, भिया?" खंडोजीनं विचारलं. "मगच धरीन हात. फोकट नाही."

"उद्या," दत्ताजी म्हणाला.

धारचे लोक मुक्कामाला राहिले. बापू दरबारात नाव सांगायला गेला. आबांचंच सांगायचं ना, असं त्यानं दारातून दोनदा विचारून घेतलं. मालन चुलीशी खंडोजीसाठी पुन्हा वडे तळू लागली. मघाशी तो भीतीपायी नीट जेवला नव्हता, असं तिचं म्हणणं. टेकडीवरच्या देवीची घंटा वाजू लागली. जानकीबाईनं दिवा लावला, हात जोडले आणि रोजच्यासारखी गाठ सोडायला भावाजवळ येऊन बसली.

दत्ताजीनं तिचा हात बाजूला केला.

उजव्या हाताची बोटं कमरेशी गेली आणि गाठ चाचपू लागली. मालनची गाठ, घट्ट. अंगठ्याचं नख आत जाईना. जानकीबाईनं दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. आतून खंडोजीचा आवाज येत होता. पितर आपल्याला कसे नेता नेता राहिले ते तो माईला पुन्हा सांगत होता. गाठ जराशी ढिली झाली. मग आणखी जराशी. मग एक टोक बाहेर आलं, आणि दत्ताजीनं ते ओढलं.

डावा हात मोकळा झाला. तो गुपचूप मांडीवर येऊन बसला. दत्ताजीनं पट्टी उजव्या हातानं गोळा केली, जमेल तशी घडी केली आणि बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"उद्या," तो म्हणाला.

इतके महिने त्या शब्दाला ती हो हो म्हणून वेळ मारून नेत आली होती. आज तो शब्द नेमका जागेवर पडला. त्याला पट्टी उद्याही बांधून हवी होती. जानकीबाईला हुंदका आला आणि तिनं तो आवरला नाही.

"हो रे," ती म्हणाली. "सकाळी तोंड धुतलंस की बांधते."